अकरा नंबरचं पोट

"तुम्ही माझ्या भावाचं पोट चव्हाट्यावर टांगलंत आणि वर मलाच विचारताय, खिळा कोणी ठोकला म्हणून!"

एवढं एकच वाक्य लिहून झालं होतं आणि दोन वाजून गेले होते. वॉर्ड चारच्या मागं चादरींची खोली आहे. तिथं धुवून आलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून सिस्टर उभ्यानंच लिहीत होती. बसून लिहायची तिला सवयच नव्हती. बावीस वर्षं तिनं जे काही लिहिलं ते उभ्यानं: ताप किती, नाडी किती, लघवी किती, जेवला का, झोपला का. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना आता तिच्याकडून खुलासा हवा होता. लेखी. चोवीस तासांत, म्हणजे आज चार वाजेपर्यंत. मेमोत तीन प्रश्न होते. रुग्णाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर कोणाच्या परवानगीनं काढला. फोटोत ओळख पटेल अशी वस्तू का ठेवली. आणि रुग्णालयाच्या नावाला धक्का पोचवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. रुग्ण म्हणजे खाट क्रमांक अकरा. मेमोभर खाट क्रमांक अकरा, खाट क्रमांक अकरा. त्या खाटेवर एक माणूस होता, तो नववीच्या वर्गाला भूगोल शिकवतो, तो तिचा सख्खा थोरला भाऊ आहे, याचा कुठं पत्ता नव्हता. तक्रार तिनं केली होती, हेही कुठं नव्हतं. तक्रार तिची आणि मेमो तिलाच. चोर सोडून ज्याच्या घरी चोरी झाली त्याचीच झडती. पण नाही, इथंच ती अडखळत होती. घरचं दार तिनंच उघडून दिलं होतं. ते कसं लिहायचं, हे न समजल्यामुळं पेन थांबलं होतं.

मघाशी मेट्रन डोकावून गेली. चांगली बाई. पायांना सूज असूनही रोज तीन मजले चढते. "दोन ओळी लिही गं. अनवधानाने घडले, पुन्हा घडणार नाही. फाइल बंद. तुझी आठ वर्षं राहिलीत, कशाला उगाच अंगावर घेतेस?" आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं, जसं आतमध्ये कोणी आजारी असावं. अनवधानाने! सिस्टरला त्या शब्दाची शिसारी आली. अख्ख्या नोकरीत इतकं लक्ष देऊन तिनं दुसरा कुठला फोटो काढला नसेल. आतडं फुटून दादा आला, त्या दिवसापासून ती घरी फक्त आंघोळीला जात होती. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलेलं, त्यावर पिशवी, तीन महिन्यांनी आत जोडायचं. चौथ्या दिवशी तिनं ती पिशवी बदलली. पडदा ओढला. वॉर्डातल्या हिरव्या पडद्याच्या तीन कड्या केव्हाच्या तुटल्यात, फट पडते. ती तिनं दोन चिमटे लावून बंद केली. दादानं मान वळवून खात्री करून घेतली. "नीट ओढलास?" "ओढला." "मग राजधान्या म्हणू?" दोघंही हसले, आणि हसल्यामुळं त्याचे टाके ओढले, तो "आई गं" म्हणाला, आणि परत हसला.

लहानपणी घर म्हणजे एक खोली होती. आईबाबा, एक आजारी काका, आणि हे दोघं. मोरीला दार नव्हतं. ती न्हाती-धुती झाली तेव्हा कोणी काही बोललं नाही. कोणाला सुचलंच नसावं. एक दिवस दादाच उठला, अंथरुणावरची चादर ओढली, दोन्ही हात ताणून वर धरली आणि तोंड भिंतीकडं केलं. "ठमे, राजधान्या म्हणतो. वीस झाल्या की चादर खाली. वेणी झालेली असो नसो." मग रोज सकाळी चादरीपलीकडून देशांच्या राजधान्या यायच्या. तिला उशीर झाला की तो अठराव्यावर रेंगाळायचा, तरी नाही झालं तर हळूच पहिली परत म्हणायचा. "ही मघाशी म्हटलीस!" ती आतून ओरडायची. "ती वेगळी. गप." हात भरून येत असतील त्याचे. ती कधी बोलली नाही, त्यानंही कधी विषय काढला नाही. पुढं तो भूगोलाचा मास्तर झाला यात कोणाला नवल वाटलं नाही, फक्त तिलाच त्याचं कारण माहीत होतं असं वाटायचं. हा माणूस उन्हाळ्यातसुद्धा सदरा काढून बसत नाही. वहिनी थट्टेनं म्हणायची, लग्नाला तीस वर्षं झाली, अजून पाठ पाहिली नाही मी यांची.

आणि त्या माणसासाठी पडदा ओढून, चिमटे लावून, सिस्टरनं एप्रनच्या खिशातून फोन काढला. "हा कशाला?" दादानं विचारलं. "डॉक्टरांना दाखवायला. पोटच दिसतं, तोंड नाही." "मग दाखव बाई. पोटावर काय नाव लिहिलंय?" असं तो म्हणाला. हे वाक्य तिनं नंतर पुन्हा एकदा ऐकलं, वेगळ्या तोंडून. जखमेशेजारी पट्टी ठेवायची ही तिचीच युक्ती. कागदाची बोटभर रुंदीची पट्टी, त्यावर खाट, तारीख आणि पेनानं आखलेले सेंटिमीटर, म्हणजे डॉक्टर कुठंही असोत, फोनवर बघून सांगतात जखम भरतेय की चिघळतेय. सगळ्या वॉर्डांत तिला सिस्टरची पट्टी म्हणतात. साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या दिवशी पट्ट्या संपल्या होत्या. दादाच्या उशाशी नववीच्या उत्तरपत्रिका होत्या, वहिनीकडून हट्टानं मागवलेल्या, मुलांचे निकाल अडतील म्हणून. त्यातला एक सुटा कागद त्यानं काढून दिला. "हा घे. ह्या गाढवानं नकाशाच चुकवलाय, नाहीतरी परत काढायचाय त्याला." तिनं तो दुमडला, कोऱ्या बाजूवर लिहिलं: खाट ११. फोटो छान आला. गुलाबी, ओलसर, सूज नाही. कोपऱ्यात दुमडीतून बाहेर आलेली लाल शाई तिला दिसली नाही असं म्हणता येणार नाही. दिसली. पण बावीस वर्षं ज्या नजरेनं ती बघत आलीय त्या नजरेला लाल म्हणजे रक्त किंवा काही नाही. रक्त नव्हतं, म्हणून काही नव्हतं.

तिनं फोन काढला. आताही, चादरींच्या खोलीत, काढला, आणि अंगठ्यानं वर वर सरकवत गेली. भाच्याच्या लग्नाचे फोटो, आणि त्यांच्या मधेमधे पावलं, टाचा, भाजलेली पाठ, गळू, एक कापून टाकलेला अंगठा, एका बाईची छाती. प्रत्येकाशेजारी तिची पट्टी, तिचं अक्षर. खाट तीन. खाट सोळा. खाट सहा. तोंड एकाचंही आठवेना. खाट सोळाची ती बाई कोण होती? काहीतरी शिवत असायची. तिच्या छातीचा फोटो त्रेसष्ट लोकांच्या फोनवर गेला, कारण 'वॉर्ड चार परिवार' या ग्रुपवर त्रेसष्ट लोक आहेत. परिवार! डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, नोकरी सोडून गेलेले दोन डॉक्टर आहेत, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आहे, ऑक्सिजनचा ठेकेदार आहे, प्रसिद्धी विभागाच्या बाई आहेत आणि स्वतः साहेब आहेत. रुग्णालयाचा संगणक आहे की, तळघरात आहे, त्याचा पासवर्ड ज्याला माहीत होता तो निवृत्त झाला. तेव्हा साहेबच म्हणाले होते, "ग्रुपवर टाकत जा, मी जातीनं बघतो." बघायचेही. एका मिनिटात खाली अंगठा. खाट अकराच्या पोटाखालीही साहेबांचा अंगठा आहे, उभा, पिवळा.

दादाचा तो फोटो काढल्यावर दोन महिन्यांनी, दुपारच्या सुट्टीत तिनं डबा उघडला तेवढ्यात एक्स-रेवाला आला. "सिस्टर, पार्टी द्या! तुमच्या वॉर्डचं नाव झालं." त्यानं फोन तिच्या डब्यावर धरला. रुग्णालयाचं पान, वर मोठ्या अक्षरात 'आमचं कौशल्य, तुमचं नवं आयुष्य', खाली पोट. आणि तिला आधी काय वाटलं असेल? तिला बरं वाटलं. हे ती कधीच कोणाला सांगणार नव्हती. आधी वाटलं, काय सुंदर काम आहे, कातडी बघा, कोणी केलंय हे? मग पट्टी दिसली. मग अक्षर दिसलं, आपलं. मग कोपऱ्यातली लाल शाई, मोठी करून बघितली तर स्वच्छ वाचता येणारी: 'नकाशा पुन्हा काढ. समुद्र कुठे गेला?' दादाची ही जुनी सवय, नुसती चूक दाखवणार नाही, वर एक टोमणा मारणार. मुलं ते शेरे एकमेकांना दाखवतात, त्याला समुद्रसर म्हणतात. पोटाखाली चार हजार लाल बदाम होते. आणि त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेल्या शेऱ्यांत सगळ्यात वर: 'अरे हे तर आपले समुद्रसर!!!' तीन उद्गारचिन्हं. त्याखाली हसून लोळणारी तोंडं. "तुम्हाला काय झालं?" एक्स-रेवाल्यानं विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, मिरची लागली." खोटं बोलायला तिला अर्धा क्षणही लागला नाही याचा राग तिला अजून येतो.

दादा तेव्हा नुकताच शाळेत जाऊ लागला होता. सैल सदरा, वर कोट. कोणाला काही माहीत नव्हतं. अपचन होतं, आराम केला, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो वर्गात गेला तर फळ्यावर एक मोठं गोल पोट काढलेलं, त्याला पिशवी, आणि लाल खडूनं लिहिलेलं: 'समुद्र इथे गेला.' त्यानं फळा पुसला. पूर्ण तास घेतला. वारे, त्यांच्या दिशा, कुठून निघतात, कुठं पोचतात. घंटा झाल्यावर वह्या गोळा केल्या, घरी आला, सदऱ्यासकट अंथरुणावर आडवा झाला आणि त्याला आज अठरा दिवस झाले. हे वहिनीनं सांगितलं, जिन्यात, दबक्या आवाजात. "पिशवी स्वतःच बदलतात, खाली न बघता. चादरीवर डाग दिसतात, कातडी सोललीय म्हणजे. मला हात लावू देत नाहीत. आणि आता जेवणच तोडलंय. म्हणतात, भरलीच नाही तर बदलायला नको." गुरुवारी त्याची तपासणी होती. सगळं ठीक असलं तर पुढच्या आठवड्यात आतडं जोडायचं. न खाणाऱ्या माणसाचं, सोललेल्या कातडीचं पोट कोण उघडणार? आणि तो आला तर ना!

रविवारी ती गेली. दाराला आतून कडी.

"दादा, मी आलेय."

आतून आवाज आला, "कोण? सिस्टर का?"

पन्नास वर्षांत त्यानं तिला सिस्टर म्हटलं नव्हतं.

"कडी काढ. कातडी बघू दे मला. मलम आणलंय."

"फोन कुठंय तुझा?"

"पर्समध्ये."

"आणि पर्स?"

"वहिनीकडं."

"आणि वहिनी?"

"दादा, वहिनी गच्चीवर गेलीय पर्स घेऊन. माझ्याकडं काही नाही रे. हात रिकामे आहेत. फटीतून बघ हवं तर."

आत अंथरूण करकरलं. तिला वाटलं, उठला. कडीपाशी श्वास ऐकू आला, खरंच ऐकू आला. मग तो अगदी जवळून, दाराच्या लाकडातून बोलावं तसा बोलला. "ठमे, तू पडदा ओढलास ना, चिमटे लावलेस, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं बघ." आणि श्वास लांब गेला. कडी निघाली नाही. तिनं मलम उंबऱ्याशी ठेवलं. तोंड भिंतीकडं करून ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. एकही राजधानी तिला आठवेना.

सोमवारी ती साहेबांकडं गेली. साहेबांना सगळा वॉर्ड इस्त्री म्हणतो, त्यांच्या कोटाला बसल्यावरही घडी पडत नाही. बाजूला प्रसिद्धीच्या बाई बसल्या होत्या, हातात दोन फोन. "बसा ना सिस्टर," साहेब म्हणाले. "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण थंड डोक्यानं बघा. चेहरा आहे का? नाही. नाव आहे का? नाही. पोटावर काय नाव लिहिलंय?" तेच वाक्य. दादानं ते विश्वासानं म्हटलं होतं. याच्या तोंडात ते वकिलासारखं वाजत होतं. "साहेब, अक्षर आहे," ती म्हणाली. "पट्टी कोणाची?" "माझी." "मग?" बाई मधे पडल्या. "मॅडम, किती पॉझिटिव्ह पोस्ट होती ती! लोक घाबरून अंगावर काढतात हो. ती बघून कितीतरी जण तपासायला आले." सिस्टरनं त्यांच्याकडं बघितलं. "तुमचं पोट टाकायचं होतं मग," ती म्हणाली. "ते बघूनही आले असते." बाईंचे दोन्ही फोन एकदम मांडीवर गेले. साहेबांनी शांतपणे फाइल उघडली, पान चार काढलं. 'शिक्षण, संशोधन व प्रसिद्धी यासाठी माझी हरकत नाही.' खाली दादाची सही. त्याखाली साक्षीदार: ती. आठवलं तिला. पहाटे भरती केला, पोट दगडासारखं झालेलं, आणि ती बोट ठेवत गेली: दादा, इथं, इथं आणि इथं. जो माणूस पोरांच्या पेपरातला शेवटच्या पानावरचा खोडलेला शब्दसुद्धा वाचतो त्यानं एक ओळ न वाचता सही केली, कारण बोट बहिणीचं होतं. "लेखी तक्रार करायची तर करा," साहेब म्हणाले. "मग आम्हालाही लेखी विचारावं लागेल." तिनं केली. त्यांनी विचारलं.

पोस्ट काढलीय म्हणे. पानावरून काढली. पण खाली प्रवेशदाराशी जो मोठा पडदा आहे, काचेचा, त्यावर चित्रं फिरत असतात: भेटण्याच्या वेळा, हात धुवा, कोणाचं तरी हसणारं बाळ, मग दादाचं पोट, मग परत भेटण्याच्या वेळा. ते काढायला बाई लागतात आणि बाई मंगळवारपासून रजेवर आहेत. रोज सकाळी सिस्टर त्याच्यासमोरून कामावर येते. आजही आली. एक माणूस आपल्या लहान मुलीला त्या पोटाकडं बोट दाखवून काहीतरी समजावत होता.

चादरीवरून कागद घसरला. साडेतीन. मघाचं वाक्य तिनं खोडलं नाही. त्याखाली लिहायला सुरुवात केली आणि मग पेन थांबलं नाही. 'एक. होय, मीच काढला. दोन. होय, मीच ठेवली, आणि सही पण मीच करवून घेतली, ते तुम्ही विचारायचं विसरलात. तीन. करा कारवाई.' खाली सही केली. मागची बाजू कोरी होती. तीही तिनं भरून काढली आणि ती जिना उतरली.

प्रवेशदाराशी गर्दी होती. बाळ हसून झालं आणि पोट आलं. तिनं वॉचमनचं स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीतला प्लग उपटला. काच काळी झाली. "ओ सिस्टर," वॉचमन धावला, "परवानगी आहे का?"

"आहे की," ती उतरत म्हणाली. "पान चार, खाली सही आहे." तो बिचारा मान हलवून मागं सरला, पान चारवर काय आहे, ते त्यालाही कोणी वाचून दाखवलं नसणार.

साहेब फोनवर होते. त्यांनी हातानंच खूण केली, ठेवा, बघतो. तिनं कागद ठेवला आणि जागची हलली नाही. कागदाशेजारी तिनं आपला फोन ठेवला, पडदा वर करून. खाट अकराचं पोट, खाली पिवळा अंगठा. साहेबांचं बोलणं अडखळलं. त्यांनी फोन बंद केला.

"हे काय आहे?"

"वाचा. पाठीमागंही लिहिलंय."

त्यांनी वाचलं. पहिल्या वाक्यापाशी कपाळाला आठी पडली, दुसऱ्या बाजूला गेल्यावर त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, खुलासा तुम्हाला मागितला होता. हे तर तुम्ही..."

"माझा दिला. तो पुढच्या बाजूला आहे. मागच्या बाजूला तुमचा मागितलाय. गुरुवारी खाट अकराची तपासणी आहे, साहेब. तो दार उघडत नाही. जेवत नाही. मी गेले तर माझ्या हातात काय आहे ते आधी विचारतो. आज मी परत जाणार आहे, आणि दाराबाहेर उभं राहून मला त्याला काहीतरी वाचून दाखवायचंय. माझ्या शब्दावर आता त्याचा विश्वास नाही. तुमचा लागेल, सहीनिशी." तिचा आवाज चढला होता, बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "मी पडदा ओढते तेव्हा आत कोण कोण असतं? त्रेसष्ट जण. त्यांची नावं द्या. कोणी बघितलं, कोणी पुढं पाठवलं, कोणी पानावर चढवलं, आणि अंगठा दाखवून हो कोण म्हणालं, एकेकाचं नाव, हुद्द्यासकट. खाट सोळाच्या बाईलाही शोधून मला ते वाचून दाखवायचंय. मला चोवीस तास दिले होते तुम्ही. मी तेवढेसुद्धा देणार नाही."

साहेबांनी दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं. तिनं मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"चार वाजले," ती म्हणाली. "मी उभी आहे. बोला."